मुलाचा पासपोर्ट झाला, संमतीपत्राचं काय?

मुलाच्या पासपोर्ट अर्जावर आई-वडिलांनी सह्या केल्या, पासपोर्ट पोस्टाने घरी आला, म्हणजे परदेशप्रवासाची कायदेशीर बाजू मिटली, असं ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली बरीच कुटुंबं धरून चालतात. गफलत इथेच होते. पासपोर्टसाठी दिलेली संमती भारत सरकारला उद्देशून असते. या मुलाला पासपोर्ट द्यायला आमची हरकत नाही, एवढंच ती सांगते. हे मूल अमुक तारखेला, अमुक माणसाबरोबर, अमुक देशात जातंय आणि ते दोन्ही पालकांना मान्य आहे, हे त्या सहीतून कुठेच कळत नाही. ती संमती वेगळी. ती परदेशी वकिलातीला, विमान कंपनीला आणि पलीकडच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याला दाखवायची असते, आणि दर प्रवासाला नव्याने लिहायची असते.

आई-वडील दोघंही बरोबर असतील तर या दुसऱ्या कागदाची गरज सहसा पडत नाही. पण दरवेळी तसं कुठे जमतं? वडील आखातात नोकरीला आणि आई दोन मुलांना घेऊन त्यांच्याकडे निघालेली, बाबा बोटीवर आणि आई मुलीला घेऊन मावशीकडे लंडनला चाललेली, अमेरिकेतल्या मुलाकडे जाणाऱ्या आजी-आजोबांबरोबर इथल्या मुलीचा मुलगा, काका-काकूंबरोबर सिंगापूरला निघालेला पुतण्या, शाळेच्या गटाबरोबर स्पर्धेला जाणारी आठवीतली मुलगी. आपल्या भागातल्या कुठल्याही सोसायटीत यातली दोन-तीन घरं सहज सापडतील.

भारतातून बाहेर पडताना इमिग्रेशनच्या खिडकीवर संमतीपत्र दाखवण्याची सरसकट सक्ती नाही. त्यामुळे जाऊन आलेले नातेवाईक सांगतात, ‘आम्हाला कुणी काही विचारलं नाही, उगाच खर्च करू नका.’ त्यांचा अनुभव खरा असतो, पण तो त्यांच्या देशापुरता आणि त्यांच्या दिवसापुरता. प्रश्न येतो तो व्हिसाच्या अर्जात किंवा तिकडे उतरल्यावर, आणि तेव्हा ठाण्यात परत येऊन नोटरी शोधता येत नाही.

पासपोर्टपासून सुरुवात

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टसाठी आई-वडिलांनी मिळून जे घोषणापत्र द्यायचं त्याला ‘अ‍ॅनेक्शर डी’ म्हणतात. दोघांच्या सह्या असल्या की मुलाबरोबर केंद्रावर एक पालक गेला तरी चालतो. दुसऱ्याने कामावरची सुट्टी घ्यायची गरज नाही, मात्र दोघांचे पासपोर्ट असतील तर ते बरोबर न्यावेत. ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. अर्जावरचा अंतिम निर्णय होतो तो मुंबईच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरूनच न्यायचा असतो. मोठ्यांचा फोटो केंद्रावर काढतात.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. डिसेंबर 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सुटसुटीत केले. पंधरा अ‍ॅनेक्शरची नऊ झाली आणि ती साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने द्यायची सोय झाली. त्यांना ना नोटरी लागते, ना स्टॅम्प पेपर. तरीही स्टेशनबाहेरच्या एजंटाकडे अ‍ॅनेक्शर डी शंभर-दोनशे रुपये जादा घेऊन नोटरी करून मिळते आणि लोक पैसे देतात. ते वाचवा. नोटरीचा खर्च प्रवासाच्या संमतीपत्रावर करायचा आहे, तिथे त्याला अर्थ आहे.

मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा वयाची अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तोवरचा असतो. पंधरा ते अठरा वयोगटात दहा वर्षांचा पासपोर्ट घेता येतो. त्यातही अनेक देश आगमनाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, तेव्हा पाच वर्षांचा पासपोर्ट कामापुरता साडेचार वर्षांचाच समजावा. तिकिटं काढून झाल्यावर मुलाच्या पासपोर्टची मुदत संपत आल्याचं लक्षात येणं, हा सगळ्यात टाळण्यासारखा मनस्ताप.

दोघांपैकी एकाची सही मिळत नसेल तर? त्यासाठी ‘अ‍ॅनेक्शर सी’ आहे. पती-पत्नी वेगळे राहतात, एकाने घर सोडलं आहे, घटस्फोटाचा किंवा ताब्याचा दावा चालू आहे, किंवा आई अविवाहित आहे, अशा परिस्थितीत एकट्या पालकाने ते द्यायचं. दावा चालू असेल तर तो कुठल्या न्यायालयात आहे आणि दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय पासपोर्ट देऊ नये असा आदेश न्यायालयाने दिलेला नाही, हे त्यात लिहून द्यावं लागतं. इथे खोटं लिहू नका. ते उघडं पडलं तर पासपोर्ट जप्त होऊ शकतो आणि ताब्याच्या दाव्यातही तेच तुमच्याविरुद्ध उभं राहतं.

अ‍ॅनेक्शर सी देऊनही अर्ज अडल्याचं उदाहरण पुण्यातलंच आहे. सतरा वर्षांच्या एका मुलीची जपानच्या अभ्यासदौऱ्यासाठी निवड झाली होती. आई-वडिलांचा वाद न्यायालयात होता आणि वडिलांची हरकत असल्याने पासपोर्ट कार्यालयाने तिचा अर्ज पुढे सरकवला नाही. मायलेकी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी 2025 मध्ये न्यायमूर्ती भारती डांगरे आणि न्यायमूर्ती अश्विन भोबे यांच्या खंडपीठाने मुलीच्या बाजूने निकाल दिला. आईने अ‍ॅनेक्शर सी दिलेलं आहे, वडिलांनी ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणावरून मुलीचा परदेशप्रवासाचा हक्क हिरावून घेता येत नाही, असं सांगून दोन आठवड्यांत पासपोर्ट देण्याचे आदेश दिले. परदेशी जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्यात 1978 मध्येच ठरवलं होतं. तो हक्क अठरा पूर्ण झालेल्यांपुरता नाही, हे उच्च न्यायालयाच्या या निकालाने स्पष्ट झालं. एकट्या आईला खिडकीवरून ‘वडिलांची सही आणा’ म्हणून परत पाठवलं, तर तिने नकार लेखी मागावा आणि या निकालाचा उल्लेख करून वरिष्ठांकडे अर्ज द्यावा.

नावांची भानगड

संमतीपत्राचा विषय निघाला की सगळे नमुना शोधायला लागतात. माझ्या मते त्याआधी मुलाचा जन्मदाखला उघडून बघावा, कारण पुढचा प्रत्येक कागद त्याच्यावर उभा असतो. संमतीपत्रावर सही करणारी बाई या मुलाची आई आहे, हे परदेशी अधिकाऱ्याला कळणार कशावरून? भारतीय पासपोर्टच्या पहिल्या पानावर आई-वडिलांची नावं नसतात. शेवटच्या पानावर छापलेली असली तरी तिथपर्यंत प्रत्येक जण जाईलच असं नाही. नातं सिद्ध करतो तो जन्मदाखला.

आणि आपल्याकडे गोंधळ नेमका तिथेच. लग्नानंतर आईचं आडनाव बदललं, काही घरांत पहिलं नावही बदललं. जन्मदाखल्यावर आई ‘सुनीता’, आधारवर ‘स्नेहल’, पासपोर्टवर माहेरचं आडनाव. मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधल्या नावाच्या जागी, तर शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव गायब. कित्येक जन्मदाखल्यांवर तर बाळाच्या नावाची जागा कोरीच राहिलेली असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. एका वर्षाच्या आत बाळाचं नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ते घालता येतं.

दुरुस्ती जिथे जन्माची नोंद झाली तिथेच होते, हेही आधी समजून घ्या. बाळंतपण ठाण्यात झालं असेल तर ठाणे महापालिका, कल्याण-डोंबिवलीत झालं असेल तर केडीएमसीचं प्रभाग कार्यालय किंवा नागरी सुविधा केंद्र. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. मूल डोंबिवलीत वाढलेलं आणि नोंद साताऱ्याजवळच्या ग्रामपंचायतीत, असं घरोघरी असतं. तिथे ग्रामसेवकाकडे जाणं, जुनं रजिस्टर निघणं, आईच्या नावातली चूक पुराव्यानिशी बदलून घेणं याला दिवस नव्हे, आठवडे लागतात. म्हणून सगळ्या तयारीत हे काम पहिलं. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर पर्यायच उरलेला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पासपोर्ट नियमांत झालेल्या बदलानुसार त्यांच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो.

महाराष्ट्रापुरती आणखी एक नवी गोष्ट आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य सरकारने ठरवला आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. पासपोर्टचा अर्ज भरताना मात्र जन्मदाखल्यावर जसं छापलं आहे अगदी तसंच नाव भरा. मोठ्या भावाच्या पासपोर्टवर आईचं नाव नाही म्हणून धाकटीच्या अर्जातूनही ते वगळलं, तर दोन कागदांत कायमचा फरक पडेल.

आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर तो बदलायची सक्ती नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवला की काम भागतं.

संमतीपत्रात काय लिहायचं

संमतीपत्र न जाणाऱ्या पालकाने द्यायचं. मूल आजी-आजोबा, काका किंवा शिक्षकांबरोबर जात असेल तर आई-वडील दोघांनी. पत्र इंग्रजीत असावं, कारण ते वाचणार परदेशी अधिकारी. मजकूर मात्र अगदी साधा असतो. मराठीत सांगायचं तर असा:

‘मी, (पूर्ण नाव, पासपोर्टप्रमाणे), राहणार (पत्ता), पासपोर्ट क्रमांक (…), माझी मुलगी (पूर्ण नाव), जन्मतारीख (…), पासपोर्ट क्रमांक (…), हिचा पिता आहे. ती तिची आई (पूर्ण नाव), पासपोर्ट क्रमांक (…), यांच्याबरोबर दिनांक (…) ते (…) या काळात (देशांची नावं) येथे जात आहे. त्यांचा मुक्काम (पत्ता) येथे राहील. या प्रवासाला माझी पूर्ण संमती आहे. प्रवासात तातडीच्या वैद्यकीय उपचारांची गरज पडल्यास त्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार मी त्यांना देत आहे. खातरजमेसाठी माझा फोन क्रमांक (…) आणि ईमेल (…).’

उपचारांचं वाक्य अनेक नमुन्यांत नसतं. ते आवर्जून घाला, विशेषतः मूल आजी-आजोबांबरोबर जात असेल तेव्हा. आपल्या एकत्र कुटुंबाच्या सवयीत नातवावर आजोबांचा हक्क कुणी विचारत नाही, पण कायद्याच्या नजरेत आई-वडील हयात असताना आजोबा नातवाचे पालक नसतात. परदेशातल्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या कागदावर सही कोण करणार हा प्रश्न आला, की तो फरक एकदम समोर उभा राहतो.

पत्राला सही करणाऱ्याच्या पासपोर्टची आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत जोडा. वाटेत विमान बदलायला ज्या देशात थांबणार, त्याचंही नाव लिहा. तारखांना दोन्हीकडे आठवडाभर सैल सोडा, म्हणजे विमान पुढे ढकललं गेलं तर पत्र बाद होत नाही. ‘कधीही, कुठेही’ अशी मोघम संमती मात्र देऊ नका आणि घेऊ नका. ती अधिकाऱ्याच्या उपयोगाची नाही, आणि उद्या घरात वाद झालाच तर दोघांनाही घातक.

नोटरी ठाण्याच्या आणि कल्याणच्या न्यायालयाबाहेर सहज मिळतात. सही नोटरीच्या समोर करायची, मूळ ओळखपत्र दाखवायचं आणि त्याच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली की नाही ते पाहायचं. घरून सही करून पाठवलेला कागद कुणी नुसता शिक्का मारून देत असेल तर तिथून निघा. फोन करून पडताळणी झाली तर अशा कागदाला किंमत नसते. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 मध्ये बऱ्याच दस्तांचा स्टॅम्प 100 रुपयांवरून 500 वर गेला. तुमच्या कागदाला काय लागू होतं ते नोटरीलाच विचारा. मूळ प्रती दोन करा, एक सोबत्याच्या हातसामानात आणि एक घरी.

काही देश नोटरीवर थांबत नाहीत, अपोस्टील मागतात. अपोस्टील म्हणजे कागद खरा असल्याचं परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणपत्र. भारत अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात 2005 मध्ये सामील झाला. आधी नोटरी, मग राज्य सरकारकडून साक्षांकन, मग मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीमार्फत अपोस्टील, असा तो प्रवास आहे. वकिलातीने मागितलं तरच त्यात पडा.

वडील बोटीवर असतील तर संमतीपत्राचा विचार ते घरी असतानाच करावा. बोट एकदा सुटली की चार-सहा महिने नोटरी मिळत नाही. आखातात किंवा युरोपात असलेल्या पालकाने तिथल्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून मूळ कागद कुरिअरने पाठवावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोची छापील प्रत हे संमतीपत्र नव्हे. पालकांपैकी एकाचं निधन झालं असेल तर मृत्यूचा दाखला हेच उत्तर. सासरच्या किंवा माहेरच्या कुणाचीही सही त्यासाठी लागत नाही, कुणी तसा आग्रह धरला तरीही. आईने पुनर्विवाह केला असेल तर नवे वडील लग्नाने आपोआप मुलाचे कायदेशीर पालक होत नाहीत. रीतसर दत्तकविधान झालेलं असेल तरच त्यांच्या सहीला वडिलांच्या सहीचं वजन येतं.

कुठे काय मागतात

शेंगेन देशांच्या व्हिसासाठी अल्पवयीन मुलाच्या अर्जावर पालकांची सही लागते आणि न जाणाऱ्या पालकाची संमती मागितली जाते. ती नसेल तर अर्ज अपुरा ठरतो. सहा वर्षांखालच्या मुलांना तिथे व्हिसा शुल्क नाही आणि बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. ब्रिटनचा नियम नीट समजून घ्यायला हवा. मूल मोठ्या माणसाबरोबर जाणार असेल तर त्या माणसाची ओळख मुलाच्या व्हिसातच नोंदवली जाते. आजोबांबरोबर म्हणून व्हिसा काढला, आयत्या वेळी आजोबांची तब्येत बिघडली आणि मुलाला काकांबरोबर पाठवलं, तर त्याला तिथे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. सोबती बदलला की व्हिसा नव्याने पाहावा लागतो.

अमेरिकेत संमतीपत्र कायद्याने सक्तीचं नाही, पण तिथला सीमाशुल्क विभाग ते नोटरी करून जवळ ठेवा असं स्वतःच सांगतो. कॅनडा व्हिसाच्या टप्प्यावरच न येणाऱ्या पालकाचं पत्र मागतो. दक्षिण आफ्रिकेने 1 जून 2015 पासून मुलांच्या कागदपत्रांबाबत जगातला बहुधा सगळ्यात कडक नियम आणला होता. पुढे तो सैल झाला, तरी जन्मदाखल्याशिवाय तिथे मूल नेण्याचा विचार करू नये. फिलिपिन्स भारतीयांना 2025 पासून थोड्या दिवसांसाठी व्हिसाशिवाय जाऊ देतो, म्हणून तिकडे ओढा वाढतोय. तिथे मात्र पंधरा वर्षांखालचं मूल आई किंवा वडिलांशिवाय आलं तर संमतीच्या प्रतिज्ञापत्रासह वेगळी परवानगी आणि शुल्क लागतं. काका-मामांबरोबर जाणाऱ्यांनी हे तिकिटाआधी पाहावं.

पशुपतिनाथ, मुक्तिनाथच्या यात्रेला आपल्या भागातून गटच्या गट जातात आणि नेपाळला पासपोर्ट लागत नाही म्हणून मुलांच्या कागदांकडे दुर्लक्ष होतं. पंधरा वर्षांखालच्या मुलाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राची अट नाही, पण वय आणि ओळख पटेल असा फोटोसहित कागद हवा. पंधरा ते अठरा या वयात शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. सुट्टी लागल्यावर मुख्याध्यापक गावी जातात, तेव्हा हा दाखला परीक्षा संपायच्या आत मागून घ्या. भूतानला अल्पवयीन मुलाने पालकांबरोबर आणि जन्मदाखला घेऊनच जायचं असतं.

मूल अगदी एकटं विमानाने जाणार असेल तर विमान कंपनीचे स्वतःचे नियम लागतात. साधारण पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एकट्या प्रवासाची वेगळी सेवा, वेगळं शुल्क आणि वेगळा अर्ज असतो. त्या अर्जावर इथे सोडणाऱ्याचं आणि तिथे उतरवून घेणाऱ्याचं नाव असतं आणि तिथे तोच माणूस ओळखपत्र घेऊन हजर असावा लागतो. पाच वर्षांखालच्या मुलाला एकटं पाठवता येत नाही. हे तिकीट काढतानाच सांगायचं. विमानतळावर सांगून चालत नाही.

शाळेच्या किंवा क्लासच्या गटाबरोबर मूल जात असेल तर पालकांनी एवढं तरी मागावं: शाळेच्या लेटरहेडवर सगळ्या मुलांची नावं, सोबतच्या शिक्षकांचे पासपोर्ट क्रमांक, मुक्कामाचा पत्ता. स्वतःचं संमतीपत्र द्यायचं ते त्या शिक्षकाच्या नावाने. शाळेच्या किंवा सहल कंपनीच्या नावाने दिलेली संमती अपुरी पडते, कारण विमानतळावर मुलाचा हात धरून उभा असतो तो माणूस.

घरात वाद असेल तेव्हा

आतापर्यंत सांगितलं ते एकमताने नांदणाऱ्या घरांसाठी. जिथे नवरा-बायको वेगळे झाले आहेत तिथे हीच सही हत्यार होते. एक जण ती अडवून धरतो, दुसरा ती न घेताच मुलाला उचलून निघतो. दोन्हीत भरडलं जातं ते मूल.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 चा. त्याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असं लिहिलेलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेविरुद्ध चालवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितलं की हे ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे. वडील मुलाचं पाहत नसतील, दूर असतील, तर आई त्यांच्या हयातीतही पालक असते. 2015 मध्ये त्याच न्यायालयाने अविवाहित आईला, वडिलांना नोटीस न पाठवताही, पालकत्व मिळू शकतं असा निकाल दिला. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना हा 1956 चा कायदा लागू नाही. तिथे वैयक्तिक कायद्याबरोबर 1890 चा पालक व पाल्य कायदा येतो. न्यायालयाची कसोटी मात्र सगळीकडे एकच, मुलाचं हित.

ताबा तुमच्याकडे असेल तर आदेशाची प्रमाणित प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर प्रवासात जवळ ठेवा. पण आधी तो आदेश नीट वाचा. ‘न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेऊ नये’ असं एक वाक्य त्यात असलं तर दुसऱ्या पालकाची सही असूनही भागत नाही. दावा चालू असताना परदेशी जायचं तर ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात, किंवा जिथे दावा आहे तिथे, परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. परतीचं तिकीट, मुक्कामाचा पत्ता, शाळा सुरू होण्याची तारीख आणि तिकडून दुसऱ्या पालकाला व्हिडिओ कॉल कधी होईल, हे सगळं अर्जातच लिहिलं की काम सोपं होतं. परत येण्याबद्दल न्यायालयाला खात्री हवी असते, आणि ती भाषणाने येत नाही, कागदाने येते.

कायमचं किंवा काही वर्षांसाठी जायचं असेल तर प्रश्न अधिक कठीण. 2022 च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात असाच खटला आला होता. पुण्यातल्या एका अभियंता आईला कंपनीने पोलंडमधल्या क्राकोला संधी दिली होती. नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर नेण्याला वडिलांचा विरोध होता आणि कौटुंबिक न्यायालयाने परवानगी नाकारली होती. न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी परवानगी दिली. मूल की करिअर यातलं एक निवड असं आईला सांगता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याचबरोबर वडील आणि मुलगी यांचा संपर्क तुटू नये याचीही तजवीज आदेशात केली. असाच तोल साधणारा प्रस्ताव घेऊन न्यायालयात गेलेलं केव्हाही चांगलं.

उलट दिशेचा प्रवास त्याहून नाजूक. अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये राहणारं जोडपं, संसार मोडतो, आणि आई किंवा वडील मुलाला घेऊन ठाण्याच्या घरी निघून येतात. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या 1980 च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, म्हणजे मूल आपोआप परत पाठवलं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या नित्या आनंद राघवन खटल्यात परदेशी न्यायालयाच्या आदेशापेक्षा मुलाच्या हिताला वरचं स्थान दिलं. पण याचा अर्थ ‘भारतात आलो, सुटलो’ असा कुणी घेऊ नये. पुढच्या काही निकालांत याच न्यायालयाने हित पाहूनच मुलांना परत पाठवलं आहे, आणि तिकडच्या देशात अपहरणाचा गुन्हा नोंद झाला तर त्या पालकाला पुन्हा तिथे पाऊल ठेवणं अवघड होतं. मुलाच्या आणि दुसऱ्या पालकाच्या भेटीचा रस्ता त्याने कायमचा बंद होतो. मारहाण किंवा छळ होत असेल तर तिथल्या पोलिसांकडे आणि भारतीय वकिलातीकडे नोंद करा, शक्य तर तिथल्या न्यायालयाची परवानगी घ्या आणि मग या.

आणि दुसरा पालक मुलाला गुपचूप बाहेर नेईल अशी रास्त भीती असेल तर केवळ पासपोर्ट कार्यालयाला पत्र लिहून थांबू नका. न्यायालयात मनाईचा अर्ज करा, मुलाचा पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याची मागणी करा. विमानतळावर रोखण्याची कारवाई न्यायालयाच्या किंवा पोलिसांच्या मार्गानेच होते आणि तिला वेळ लागतो.

वकिलाच्या फीमुळे अनेक आया या टप्प्यावर गप्प बसतात आणि मुलाची संधी हातची जाते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा कल्याणच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. देशभराचा मोफत मदत क्रमांक 15100 आहे.